चादर पडली की हजर

बाईंच्या वर्गात हजेरी सुरुवातीला होत नसे. ती शेवटी होई, आणि तीही सगळ्याजणी डोळे मिटून निजलेल्या असताना.

योगशिक्षिका व्हायला आलेल्या बायकांना पहिल्या दिवशी याचे हसू येई. पण बाईंचे म्हणणे साधे होते. "सुरुवातीला नुसत्या चपला येतात. माणूस यायला वेळ लागतो. तो शेवटपर्यंत पोचला का, ते मी बघते." आसने संपली, पडदे ओढले, सगळ्याजणी शवासनात आडव्या झाल्या, की बाई हातावर सुती चादरींची चळत घेऊन रांगांमधून फिरत. प्रत्येकीच्या अंगावर एक चादर. जागा ठरलेल्या होत्या. त्या कुणी बदलायच्या नाहीत. ज्या जागेवर चादर पडली ती हजर. हातात उरतील त्या चादरी गैरहजर.

आणि नियम दगडासारखा. ठरल्यापेक्षा जास्त खाडे झाले, की परीक्षेत कितीही गुण मिळोत, प्रमाणपत्र नाही. "मला कारणं सांगू नका," बाई म्हणत. "कारणं खरीच असतात. पण जे शिकायचं राहिलं ते कारणाने भरून निघत नाही."

शेवटच्या रांगेत, खांबाच्या सावलीत जागा होती सूनबाईची. खरे तर तिला वर्गात दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायला हरकत नव्हती. पण तिच्या सासूबाई दारात उभ्या राहून "सूनबाई गं!" अशी हाक मारीत, की चार घरे पलीकडची मांजरेही दचकत. त्यामुळे सगळी गल्ली तिला सूनबाई म्हणे, आणि गल्लीतलीच भिंगरी वर्गात आल्यावर तिथेही तेच नाव रुळले.

सूनबाईने जन्मभर घरी बसून काज-बटणाचे काम केले होते. शर्टांचे गठ्ठे यायचे, काजे करायची, बटणे लावायची, गठ्ठे जायचे. मान मोडून बसता बसता एक दिवस पाठ उठूच देईना. तेव्हा ती बाईंकडे आली ती पाठीसाठी. पाठ सुधारली, आणि आपल्यासारख्या मोडलेल्या पाठी किती असतील हे मनात घर करून बसले. पलीकडच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी शब्द दिला होता : प्रमाणपत्र आणलेस, तर पुढच्या महिन्यापासून गुडघे-पाठीच्या रुग्णांचा सकाळचा वर्ग तुझा. महिन्याच्या पहिल्या तारखेला कागद हातात हवा, नाहीतर दुसरी कुणी.

सासूबाईंनी आधी टोमणे मारून घेतले. "वाकायला शिकवणी लावलीस? घरात काय कमी वाकायला आहे? फरशी पडलीय की अख्खी." पण दार ओलांडले की त्याच सासूबाई शेजारणीला सांगत, "आमची सूनबाई मास्तरीण होणार हो!" आणि एकदा दळण निवडता निवडता मान वर न करता म्हणाल्या होत्या, "तो कागद मिळाला की आधी मला आणून दाखव. तुझ्या नवऱ्याला नंतर. त्याला काय, तो वाण्याच्या पुडीचा कागदही वाचत बसतो."

आणि नेमक्या त्याच सुमारास सासूबाईंचे हृदय थकले. रुग्णालयाने उपचार केले आणि मग हलक्या आवाजात सांगितले, घरी न्या, जवळ राहा.

सूनबाईने भिंगरीला दारातूनच सांगितले, "बाईंना कळव. माझं येणं व्हायचं नाही."

"तू अजिबात काळजी करू नकोस," भिंगरी म्हणाली. "मी बघते सगळं."

सूनबाईला वाटले, बघते म्हणजे निरोप पोचवते.

मग दिवस आणि रात्री एकमेकांत मिसळल्या. कूस बदलणे, ओठ ओले करणे, उशीवर उशी रचून बसते करणे, कारण आडवे झाले की सासूबाईंचा जीव गुदमरे. सूनबाई शेजारी बसून आपला श्वास संथ करी, मग त्यांचाही थोडा संथ होई. तेवढ्यातही त्या म्हणाल्या, "हीच का तुझी विद्या? ही तर मला जन्मतःच येत होती."

शेवटच्या पहाटे सासूबाईंना जरा झोप लागल्यासारखी वाटली. सूनबाई रात्रभर जागी होती. तिने पायाशी घसरलेली चादर ओढून खांद्यापर्यंत घातली, कडा नीट खोचली, आणि चहाचे आधण ठेवायला गेली. परत आली तेव्हा चेहरा तसाच शांत होता आणि हात गार होता.

सगळे म्हणाले, झोपेत गेल्या, पुण्यवान. नवराही म्हणाला. तिने कुणाला काही सांगितले नाही. पण एक प्रश्न तिच्या मनात खिळ्यासारखा बसला : आपण चादर घातली तेव्हा खाली श्वास होता का? हात तर लावला होता आपण. कडासुद्धा खोचली होती. पाहिले मात्र नाही.

सगळे आटोपून ती वर्गात गेली ती मनाची तयारी करूनच. बाई म्हणतील, या वेळी नाही. पुढच्या तुकडीत ये. आरोग्य केंद्राचे काम जाईल. ज्यांना कागद दाखवायचा त्याच उरल्या नव्हत्या. एका परीने ओझे हलके झाले असे तिने स्वतःला समजावले होते.

पण बाईंनी यादी वाचली, आणि त्यात तिचे नाव होते. हजेरी पुरेशी. प्रमाणपत्र येत्या रविवारी.

बाहेर चपला घालताना भिंगरीने तिला कोपराने ढोसले. भिंगरी नावाप्रमाणेच, एका जागी तिचा पाय ठरत नसे, शवासनातही अंगठे हलत.

"कसं काय?" सूनबाईने विचारले.

"काय कसं काय? हजर होतीस ना तू!" भिंगरी डोळे मिचकावत म्हणाली. "अगं, रोज तुला निजवत होते मी. तुझी मॅट अंथरायची, त्यावर तो लांब लोड ठेवायचा, डोक्याशी घोंगडीची गुंडाळी, वर डोळ्यांवरची पट्टी. खांबाची सावली आहेच. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, अंधारात त्यांना काय दिसतंय? आसनं चालू असताना तर त्या डोळे मिटून, आपल्यातली जी शिकवत असेल तिचा नुसता आवाज ऐकतात. रोज आल्या, रोज चादर घालून गेल्या. तुझा लोड तुझ्यापेक्षा गुणी बघ. एकदाही हलला नाही!"

सूनबाईला हसू आले नाही. "तुला बाईंना सांगायला सांगितलं होतं मी."

"सांगून काय मिळालं असतं? 'कारणं खरीच असतात' ते ऐकायला मिळालं असतं." भिंगरीचा आवाज उतरला. "ताई, माझी आई गेली तेव्हा तू माझ्या घरी किती दिवस दोन्ही वेळचा डबा आणलास. मी कधी आभारसुद्धा मानले नाहीत. तेवढं तरी करू दे ना."

सूनबाईने तिचा हात धरला. मग नुसते विचारले, "मी नव्हते तेव्हा शिकवलं काय बाईंनी?"

"विशेष काही नाही गं. शवासन. निजलेल्या माणसाची काळजी कशी घ्यायची. लोड कुठे ठेवायचा, उशी किती. हां, आणि ते चादरीचं." भिंगरीने हवेतच चादर धरल्यासारखे हात केले आणि थांबली. तिचे पाय, नवल म्हणजे, एका जागी ठरले. "चादर घालायच्या आधी असं उभं राहायचं. पोट वर येताना दिसलं की मगच घालायची. बाई म्हणाल्या, श्वास पाहिल्याशिवाय कुणालाही झाकायचं नाही. सोपं आहे. मी शिकवीन तुला पाच मिनिटांत."

सूनबाई घरी गेली ती कशी, तिचे तिला ठाऊक नाही.

रात्री जेवताना नवऱ्याला लोडाचे सगळे सांगितले. तो भला माणूस. दोन घास गिळले. "घे की," म्हणाला. "तू काही चोरी केली नाहीस. आई असती तर म्हणाली असती, आधी कागद घे, मग रड."

"म्हणाल्या असत्या," सूनबाई म्हणाली. "त्यांनी म्हटलं म्हणून मी घेतलाही असता. पण जे शिकवलं ते मला येत नाही."

"काय येत नाही?"

ती ताटावरून उठली, हात धुतले, देवापुढे रोजच्यासारखी बसली. नेम हा असा असतो, की तो आपण मोडला तर मोडला. दुसऱ्याने आपल्या जागी बसून तो पुरा होत नाही. मोडला असे देवाला सांगता येते. पाळला असे मात्र सांगता येत नाही. त्या रात्री तिने मागितले काहीच नाही. नुसते सांगितले : मोडला.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. बाई खुर्चीत बसून चादरींच्या घड्या घालीत होत्या, कडेला कड बोटांनी चाचपून जुळवत.

"बाई, माझं प्रमाणपत्र थांबवा."

"का गं? हजर तर आहेस."

"नव्हते. सासूबाई आजारी पडल्यापासून त्या गेल्या तोवर एक दिवसही आले नव्हते."

बाईंचे हात थांबले. "मग मी चादर कुणावर घातली?"

"लोडावर."

बाईंनी हातातली चादर चाचपली. मग विचारले, "कुणी ठेवला होता?"

"ते नका विचारू. मी नव्हते, एवढं मी सांगू शकते."

"मी," दारातून आवाज आला. भिंगरी उभी होती. निघून गेली असे वाटले होते, पण ती जाईल कशी. तोंड रडवेले, तरी हनुवटी वर. "मी ठेवला. हिला काही माहीत नव्हतं. हिचं थांबवणार असाल तर माझंही थांबवा. आणि ओरडायचं तर मोठ्याने ओरडा, मला हळू ओरडलेलं सोसत नाही."

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी चादर मांडीवर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही तळवे पसरले.

"श्वास पाहिल्याशिवाय झाकायचं नाही," त्या हळू म्हणाल्या. "त्याच दिवसांत शिकवत होते मी हे. तुम्हाला शिकवत होते आणि त्याच हातांनी रोज लोड झाकत होते. दिसत नव्हतं म्हणावं, पण थांबले असते तर ऐकू आलं असतं. मी थांबलेच नाही. चादरी घालायच्या म्हणून घालत गेले."

"बाई, मीही तसंच केलं," सूनबाईच्या तोंडून निघून गेले. "सासूबाईंना. पहाटे. चादर घातली आणि आधण ठेवायला गेले. बघितलं नाही मी. आता कधीच कळणार नाही मला."

बाईंनी हात पुढे केला. सूनबाई खाली बसली. त्या हाताने तिच्या डोक्याचा अंदाज घेतला आणि तो तिथेच थांबला. "तू वर्गात असतीस तर शिकली असतीस," असे बाई म्हणाल्या नाहीत. "त्यात तुझा दोष नाही," असेही म्हणाल्या नाहीत. भिंगरी दारात उभी राहून पदराने नाक पुसत होती आणि तिचे पाय पुन्हा ठरले होते.

नियम वाकला नाही. सूनबाईचे प्रमाणपत्र थांबले. बुडालेले तेवढे दिवस तिने पुढच्या तुकडीबरोबर भरायचे ठरले. भिंगरीचेही थांबले, तिने त्या तुकडीची अंथरुणे घालायची आणि उचलायची. "लोडांशी तुझी ओळख चांगली आहे," बाई म्हणाल्या, आणि तेवढ्या दिवसांत तिघी पहिल्यांदा हसल्या. पहिली तारीख आली आणि गेली. आरोग्य केंद्रातला वर्ग दुसऱ्या एका मुलीला मिळाला. डॉक्टरीणबाईंनी वाईट वाटल्याचे कळवले आणि पुढचे काही वचन दिले नाही. सूनबाईने पुन्हा शर्टांचे गठ्ठे आणायला सुरुवात केली. दिवसभर ती अधूनमधून उठून पाठ ताणी, एवढाच फरक.

नव्या तुकडीला शवासन शिकवायची वेळ आली, त्या दिवशी बाईंनी चादरींची चळत सूनबाईच्या हातावर ठेवली. स्वतः खुर्चीत बसल्या. मोतीबिंदू काढून घेतल्याशिवाय हजेरी घेणार नाही, असे त्यांनी ठरवले होते.

पडदे ओढलेले. पहिल्या जागेवर पोरसवदा दिसणारी एक मुलगी निजली होती. सूनबाई तिच्यापाशी उभी राहिली, चादर दोन्ही हातांत धरून. मुलीचे पोट स्थिर होते. सूनबाई पाहत राहिली. मग ते अगदी थोडे वर आले, कणीक फुगून यावी तसे, आणि खाली गेले. तिने आणखी एकदा येऊ दिले. मग चादर अलगद सोडली.

दुसरीपाशी त्याहून जास्त वेळ लागला. तिसरीपाशीही.

"बाई," भिंगरी खुर्चीशी वाकून कुजबुजली, पण भिंगरीची कुजबूज म्हणजे अख्ख्या दालनाला ऐकू जावी अशी. "ही प्रत्येकीपाशी उभीच राहतेय. अशाने दुपार होईल."

"होऊ दे," बाई म्हणाल्या.

सूनबाईने मागे वळून पाहिले नाही. ती पुढच्या जागेवर गेली आणि थांबली.