हरलेल्यांनी ओढायचा रूळ

थांबा मित्रांनो, पळत येऊन एकदम माझ्या पाठीवर चढू नका! आधी ओळख तर करून घ्या. मी नांदेडच्या घोडामैदानावरचा जुना दगडी रूळ. खेळपट्टी दाबून सपाट करतो, तोच मी. तुम्ही मला रोलर म्हणता. म्हणा बापडे, वजनात काही फरक पडत नाही.

माझा जन्म उमरीकडच्या काळ्या खडकात झाला. पाथरवटांनी छिन्नी-हातोड्याने मला गोल केलं. ठिणग्या उडायच्या तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होतो. पण अंग गोल झालं आणि पोटातून लोखंडी कणा आरपार गेला, तेव्हा माझं मलाच कौतुक वाटलं. निजामाच्या राजवटीत इथं घोडे पळायचे, त्यांची वाट दाबायला मला आणलं. आणताना एक बैलगाडी मोडली. हे मी आजही छाती फुगवून सांगतो.

पुढे राजवट गेली, घोडे गेले, मैदान लोकांचं झालं. पोरांनी मधोमध क्रिकेट मांडलं. कोपऱ्यातल्या कडुलिंबाखाली पैलवानांनी आखाडा खणला. ताक, तेल आणि हळद घालून तांबडी माती मळली. मला ओढायला तेव्हा बैलजोडी होती. खेळपट्टीवर खूर उमटू नयेत म्हणून बैलांच्या पायांना गोणपाट बांधायचे. ते बैल पायमोजे घातल्यासारखे तोऱ्यात चालायचे. तेही एक दिवस म्हातारे झाले. मग प्रश्न पडला, हे धूड ओढणार कोण?

त्यावर मैदानाच्या राखणदाराने एक रीत घालून दिली. आज जो संघ हरेल, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन रूळ ओढायचा. आणि जो जिंकेल, त्याने ओढणाऱ्यांना सुशीला खाऊ घालायची. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घातलेली गरमागरम सुशीला! कुस्तीतही तेच. म्हणजे हरलेल्याचा राग माझ्या दांड्यावर उतरायचा आणि पोट भरल्यावर दोघं गळ्यात गळे घालून घरी जायचे. शहरात आज जे डॉक्टर, वकील म्हणून मिरवतात, त्यांतल्या कितीतरी जणांच्या तळहातांची सालं माझ्या दांड्याला लागलेली आहेत. मोठी माणसं झाली तरी मला बघून हात चोळतात.

त्या राखणदाराचा मुलगा म्हणजे पाशामियाँ. बापामागून मैदानाची राखण त्यांच्याकडे आली. खेळपट्टीला पाणी देणं, गवत काढणं, माझ्या कण्याला तेल घालणं, सगळं तेच करत. त्यांची नात तूबा लहानपणापासून त्यांचा डबा घेऊन यायची. डबा पाशामियाँच्या हातात देऊन ती माझ्यावर बसायची आणि पोरांचा खेळ डोळे मोठे करून बघायची. पुढं ती स्वतःच चेंडू टाकायला लागली. तिच्यासारख्या आणखी मुली जमल्या. पण त्यांची जागा कुठं? भिंतीकडेला, जिथं काटे आणि खडे. मधली खेळपट्टी कधी रिकामीच नसायची.

एकदा तूबा दांड्याला लोंबकळत म्हणाली, "नाना, आमाला बी एकदा रूळ ओढू द्या की."

पाशामियाँ हसले. "बेटा, रूळ ओढायचा तर आधी हरावं लागतं. अन हरायला आधी खेळावं लागतं."

तूबाचं तोंड एवढंसं झालं. मी दगड खरा, पण मला वाईट वाटलं. मुलांना शिक्षा वाटणारी गोष्ट ही पोर मागत होती आणि तीही तिला मिळत नव्हती.

पुढे मैदानाला वाईट दिवस आले. पायऱ्यांच्या फरश्या निघाल्या, भिंत एका बाजूने पडली. लग्नाच्या हंगामात मंडपवाले खेळपट्टीतच खुंट्या ठोकायचे. मोकाट गुरं येऊन बसायची. पाऊस झाला की पाणी दिवसेंदिवस हलायचं नाही. माझ्या पाठीवर रिकामटेकडे पत्ते कुटत बसायचे. पाशामियाँ त्यांना हाकलून हाकलून थकले.

आणि मग एक दिवस बातमी आली, घोडामैदानाचं मोठं स्टेडियम होणार! सगळ्यांचं मिळून एकच. क्रिकेट, कुस्ती, कबड्डी, धावणं, सगळं एकाच कुंपणाच्या आत. काम बघायला लातूरहून लुंबिनी नावाची तरुण इंजिनिअर आली. डोक्यावर पिवळी टोपी, पायात चिखलाने भरलेले बूट. पहिल्याच दिवशी तिने माझ्या पाठीवर नकाशा पसरला. एवढा मान मला निजामाच्या काळातही मिळाला नव्हता हो!

पण 'सगळ्यांचं' हा शब्द ऐकताच सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं. आखाड्याचे वस्ताद शेषेराव मिशीला पीळ देत म्हणाले, "आधी आमची माती, मग तुमचं काय ते करा." क्रिकेट मंडळाचे उमाशंकर म्हणाले, "वस्ताद, मैदान कशामुळं गाजलं? क्रिकेटमुळंच की!" ज्याला त्याला आपलंच घोडं पुढं दामटायचं होतं. लुंबिनी सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि शांतपणे म्हणायची, "जागा एकच आहे, काका. पाळी करून वापरली तर सगळ्यांना पुरते."

त्यात कुणीतरी आवई उठवली, की हा दगडी रूळ फोडून त्याची खडी करणार आणि लोखंड भंगारात घालणार. झालं! लुंबिनीला जाऊन विचारावं, एवढं साधं कुणाला सुचलं नाही. उलट प्रत्येकाला वाटलं, मला वाचवायचं तर आपणच. आणि दुसऱ्याने तर मुळीच नेता कामा नये. मी आख्खा तर कुणाला उचलणार नव्हतो. मग काय केलं असेल?

शेषेराव वस्तादांनी भर दुपारी माझा लोखंडी दांडा सोडवला आणि पोत्यात गुंडाळून घरी नेला. दांडा कण्याला धरून ठेवणाऱ्या दोन जाड खिळी असतात, एक डावी आणि एक उजवी. वस्तादांनी त्या काढून माझ्या पाठीवर ठेवल्या होत्या. संध्याकाळी फिरायला आलेल्या उमाशंकरांनी इकडंतिकडं बघून डावी खीळ उचलली आणि स्कूटरच्या डिकीत टाकली. उरली उजवी. ती दुसऱ्या दिवशी कुणी उचलली माहीत आहे? खुद्द पाशामियाँनी! चोराच्या हाती लागू नये म्हणून. तिघांनाही वाटत होतं, बाकीच्या वस्तू त्या दुसऱ्यानेच लांबवल्या. मला सगळं दिसत होतं, पण दगडाला तोंड कुठं असतं?

तसाच मी लिंबाखाली पडून राहिलो आणि काम बघत राहिलो. काय काम, मित्रांनो! मोठमोठी यंत्रं आली. जमिनीखाली पाणी जायला नळ्या टाकल्या. आता कितीही पाऊस पडो, घटकाभरात मैदान कोरडं. धावायला विटकरी रंगाची मऊ वाट झाली. कुस्तीसाठी दिवाणखान्यासारखी प्रशस्त जागा झाली, एका बाजूला मॅट आणि दुसऱ्या बाजूला तीच जुनी तांबडी माती. पैलवानांनी ती टोपल्या भरभरून डोक्यावरून वाहिली, तेव्हा वस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. व्हीलचेअरवरून येणाऱ्यांना पायऱ्यांऐवजी उतार झाला. मुलींना कपडे बदलायला खोली, न्हाणी, आतून लागणारी कडी. मुलींचे आधी किती हाल होत होते, ते मी बघितलं आहे. म्हणून त्या कडीचा आवाज मला सनईहून गोड वाटला. आणि माझा लिंब? लुंबिनीने भिंतच वाकडी घेतली, पण लिंब तोडू दिला नाही.

शेवटी पाळ्या ठरवायची वेळ आली. कुणाला मैदान केव्हा, ते दारातल्या फलकावर रंगवायचं होतं. मुलींच्या नावापुढं मात्र गाडं अडलं. कुणी म्हणालं, "येत्याल का त्या रोज? उगं पाळी वाया जायची." लुंबिनीने तोडगा काढला. मैदानावरचा पहिला सामना मुलींचा ठेवायचा, नांदेड विरुद्ध लातूर. तो नीट पार पडला तर त्यांची पाळी पक्की. सगळ्यांनी माना डोलावल्या. तूबा संघाची कर्णधार झाली. घोडामैदान जवळच होतं!

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी खेळपट्टीला पाणी देऊन झालं आणि नव्याने आणलेल्या इंजिनाच्या रुळाने मान टाकली. पट्टा तुटला. नवा पट्टा आणायचा तर बाहेरगावाहून. ओलसर माती दुपारपर्यंत दाबली नाही, तर उन्हाने भेगा पडणार. लातूरहून फोन आला, अडचण असेल तर सामना आमच्याकडं घ्या. फलक रंगवणारा ब्रश घेऊन उभाच होता.

"जुना रूळ आहे की!" लुंबिनी म्हणाली आणि धावत लिंबाखाली आली. बघते तर काय, मी ठोकळ्यासारखा पडलेलो. ना दांडा, ना खिळी.

मग सुरू झाला तमाशा. वस्ताद उमाशंकरांकडं बघून म्हणाले, "ह्यांनीच लांबवलं असंल." उमाशंकर म्हणाले, "मी? दांडा काय माझ्या खिशात मावतो का?" पाशामियाँ दोघांवर ओरडत होते, "शरम करो जरा, शरम!" वस्तू तिघांच्याच ताब्यात आणि धुंडाळतायत गावभर! माझा जीव तीळ तीळ तुटत होता. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण सांगणार कसं?

तूबा संघातल्या मुलींबरोबर तिथंच उभी होती. ती वळली, काम संपवून निघालेल्या मजुरांकडं गेली आणि जमीन ठोकायचं जड धुम्मस मागून घेऊन आली. तिच्यामागून एकेक मुलगी धुम्मस घेऊन निघाली.

"काय करून राहिली ग?" पाशामियाँनी विचारलं.

"तुमचं भांडण होईस्तोवर माती वाळंल, नाना. आमी ठोकून घेतो. कशी व्हईल तशी व्हईल. पण सामना इथंच व्हनार." आणि तिने खेळपट्टीवर धप्पकन पहिला घाव घातला. डोळ्यांतून टिपं गळत होती, तरी हात थांबेनात.

धप्प, धप्प आवाज येत राहिला. वस्तादांची मान खाली गेली. ते निघून गेले आणि थोड्या वेळाने खांद्यावर दांडा घेऊन आले. "मीच नेला व्हता. भंगारात जाईल म्हनून. लई चुकलं." उमाशंकरांनी डिकी उघडून डावी खीळ पुढे केली. आता उजवी? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. पाशामियाँनी हळूच कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. खीळ त्यातच ओवलेली होती! इतके दिवस कमरेला वागवत होते आणि चोराला शिव्या देत होते. सगळ्या मुली खो खो हसल्या. लुंबिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, मी ह्याच्यासाठी नकाशात लिंबाखाली जागा आखली आहे. विचारलं का नाही मला?"

दांडा बसला, खिळी बसल्या. मुली ओढायला पुढे धावल्या, तर पाशामियाँनी हात आडवा घातला.

"तू न्हाई बेटा. तू अजून हरली कुठं? आज आमी तिघं हरलो." आणि ते वस्ताद, उमाशंकरांकडं वळले. "चला, ओढा."

वस्तादांची मिशी, उमाशंकरांची ढेरी आणि पाशामियाँची पांढरी दाढी, तिघं मिळून मला ओढत होते. धापा टाकत होते, एकमेकांना टोमणे मारत होते आणि हसत होते. कण्यात तेल नव्हतं म्हणून मी करकरत होतो. ते माझं गाणंच होतं म्हणा ना. दुपारच्या आत खेळपट्टी ताटासारखी झाली.

सामना झाला. नव्या पायऱ्या माणसांनी भरून गेल्या. सुरुवातीला तोंड वाकडं करणारेही शेवटी उभं राहून ओरडत होते. लातूरच्या संघाची कर्णधार वर्षाराणी तिकडच्याच मुरुडची, मोठी जिद्दीची पोर. अगदी शेवटच्या चेंडूवर तिने चौकार मारला आणि आमच्या मुली हरल्या. तूबा खेळपट्टीवर बसून हमसून हमसून रडली. पाशामियाँ तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलकवाला शिडीवर चढला होता. 'मुलींचे क्रिकेट' ही अक्षरं अजून ओली होती. तेवढ्यात माझ्या दांड्यावर हात पडले. लहान हात, पण घट्ट. तूबा मधे आणि दोन्ही बाजूंना तिच्या मैत्रिणी. डोळे सुजलेले आणि चेहऱ्यावर मात्र हसू मावत नव्हतं.

"नाना, आता हरलो ना आमी?"

"हाव बेटा," पाशामियाँ म्हणाले. "आता हक्कानं ओढ."

मी जागचा हललो. माझ्या पाठीवरून आजवर किती हात गेले, पण इतक्या आनंदाने मला कुणी ओढलं नव्हतं. लिंबाखाली वर्षाराणी आणि लातूरच्या मुली मोठ्या पातेल्यात सुशीला परतत होत्या. रीत त्यांनाही कुणीतरी सांगितली होती.

मित्रांनो, हे देखणं मैदान आता तुमचं आहे. फरशीवर थुंकू नका, खेळपट्टीत खुंट्या ठोकू नका, दुसऱ्याची पाळी खाऊ नका. मला रंग देऊन, साखळी लावून शोभेला मात्र ठेवू नका हं. कण्याला तेल घाला आणि अधूनमधून हरत जा. हरलात की सकाळी या. मी लिंबाखालीच आहे, आणि दांडा, दोन्ही खिळी, सगळं जागच्या जागी आहे.