पुलाखालचा रडतराव

मी रडतराव बोलतोय. हे नाव मला इंजिनिअर बाईंनी ठेवलं. तसा मी एक सेन्सर, बाटलीच्या झाकणाएवढा. इस्पितळाच्या दोन इमारती जोडणाऱ्या काँक्रीटच्या पुलाच्या पोटाला मला कायमचं चिकटवलंय. आत काही करकरलं की कळवायचं, एवढंच माझं काम.

शेजारी आणखी दोघं. एक पूल किती ताणला ते मोजतो. दुसरा ऊन किती तापलं ते सांगतो.

वॉर्डातल्या मावशी पेशंटची ट्रॉली ढकलत पुलाच्या मधोमध आल्या, की मला करकर ऐकू यायची. मी लगेच बोंब ठोकायचो. दोघांचे जीव होते हो माझ्या डोक्यावर!

बाईंनी मात्र दोष चाकाला दिला. "मावशी, चाक वाजतंय, तेल घाला." तेल घातलं, मी ओरडलोच. चाक बदललं, तरी ओरडलोच.

"हा मेला रडतरावच आहे," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघणंच सोडलं. मला फार लागलं ते.

ताणवाला शेजारीही सांगत होता की पूल जास्त ताणला जातोय. पण उन्हानं काँक्रीट फुगतंच, म्हणून त्यालाही वाटेला लावलं.

मग आभाळ भरून आलं आणि चांगला आठवडाभर ऊन पडलंच नाही. उन्हाचा शेजारी गप्प बसला, तरी ताण वाढतच राहिला. बाई चमकल्या. आम्हा तिघांच्या आलेखांच्या रेघा त्यांनी पहिल्यांदाच एकाखाली एक लावल्या. ऊन नाही, तरी ताण आहे; आणि ट्रॉली आली की ताण वाढतो, त्याच क्षणी रडतराव ओरडतो.

बाई धावत पुलाच्या तोंडाशी आल्या. मावशी ट्रॉली घेऊन नुकत्याच पुलावर शिरल्या होत्या.

"मावशी, थांबा! हळूहळू मागे या."

"अहो, ट्रॉलीवर पेशंट आहे!"

"म्हणूनच म्हणतेय!"

मावशी मागे सरकल्या. माझा जीव भांड्यात पडला.

पुलाला भोक पाडून पाहिलं, तर आत लांबलचक चीर आणि गंजलेल्या सळया. त्याच दिवशी पूल बंद झाला.

काल मावशी अडथळ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. "एवढा मोठा वळसा घालायला लावलास, मेल्या!" म्हणाल्या. मग आवाज उतरला. "बरं केलंस रे बाबा."

माझे ते दोघं शेजारी स्क्रूवर बसवलेले, नव्या पुलावर जातील. मी चिकटलेला, या पुलाबरोबरच जाणार. त्यांच्यासोबत जो नवा येईल, त्याचं ऐका. पण तिघांना एकत्र बसवून ऐका.

उद्या पूल फोडायला यंत्र येईल. मी शेवटचा ओरडेन. तेव्हा कुणी तेलाची बाटली घेऊन धावू नका.