मोठीला बोलाव

धाकटी लॅबमध्ये कामाला होती. थुंकी, शी, शू, गळवातला पू असं सगळं सकाळी आठपासून तिच्या टेबलावर लेबलं लावून रांगेत उभं असायचं आणि दुपारी एक वाजता ती हात धुऊन शेजारच्या खोलीत निवांत डबा खायची. नव्या मुली पहिल्याच आठवड्यात नाकाला रुमाल लावून पळत सुटायच्या, तेव्हा ती त्यांना हसायची. अशी ही बाई त्या रविवारी आपल्या थोरल्या बहिणीच्या जेवणाच्या टेबलाशी बसली आणि पाच मिनिटांत तिला नाकाला रुमाल लावावासा वाटला.

ताई फोटोंचे अल्बम सजवायला शिकवायचे वर्ग घ्यायची, त्यामुळे टेबलावर नुसता चिकट राडा होता. गमाच्या बाटलीच्या तोंडाशी पिवळट शेंबूड सुकलेला. लेसचे तुकडे, गंजकी बटणं, कुठल्याशा पुस्तकाची मुद्दाम फाडून चहाच्या पाण्यात भिजवलेली पानं. आणि सगळ्यावर चमकी. ती चमकी ताईच्या भुवयांत होती, साखरेच्या डब्यावर होती, पुढ्यात ठेवलेल्या चहावरही तरंगत होती. धाकटीनं कप हळूच लांब सरकवला.

"आईचं पान करतेय," ताई म्हणाली. "अल्बममधलं सगळ्यात मोठं. तिला जाऊन वर्ष होईल ना आता. मी वर्गातल्या बायकांना सांगते, पानात माणसाची खरी वस्तू हवी. तिकीट, चिठ्ठी, काहीतरी. तू आणलंस का?"

पानावर आधीच आईचा वीस वर्षांपूर्वीचा फोटो चिकटला होता, बाकावर बसून हसतानाचा. भोवती गुलाबी रंग थापलेला. आईला गुलाबी रंग उभ्या जन्मात आवडला नव्हता. त्या रंगावर ताई रबरी ठशांनी फुलं उमटवत होती. ठसा शाईच्या पॅडवर दाबायचा, कागदावर टेकवायचा, उचलायचा. उचलताना प्रत्येक वेळी चप्प असा ओला आवाज यायचा आणि धाकटीच्या अंगावर शहारा यायचा. आई तीन महिने नळ्या लावून पडली होती, आणि हिचं काय, तर फुलं!

तीन महिन्यांत ताई दोनदा आली. एकदा ऑपरेशनच्या दिवशी आणि एकदा शेवटी. मधल्या काळात ती फोनवर साखर पेरायची. "काही लागलं तर सांग गं, मी एका हाकेवर आहे." ते 'एका हाकेवर' धाकटीच्या डोक्यात असं काही बसलं होतं की वर्षभर ताईचा नुसता आवाज ऐकला तरी तिला शिसारी यायची.

पण आज ती शिसारी घेऊन आली नव्हती. पर्समध्ये मेडिकलचं एक बिल होतं. घशाच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज गेला होता. हाताला लागेल त्या कागदावर ती लिहून दाखवायची, 'पाणी', 'पंखा', 'दुखतंय'. बाकीचे सगळे कपटे केरात गेले. हा एक राहिला. लांबलचक बिल, वर औषधांची यादी आणि कोपऱ्यात छापलेली तारीख. खाली कोऱ्या जागेत, निळ्या पेनानं, थरथरत: मोठीला बोलाव.

तारीख होती चार. धाकटीनं ताईला फोन केला पंचवीसला.

का नाही केला आधी? हे तिनं स्वतःला हजारदा विचारलं होतं. रात्रंदिवस उशाशी बसलेली मी, आणि बोलवायचं मोठीला? तिला कळत नाही का आपणहून यायला? आज करू, उद्या करू म्हणत एकवीस दिवस गेले. ताई आली तेव्हा आईनं तिच्याकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. कोण आलंय हेच तिला कळलं नव्हतं.

आज हे बिल ताईपुढे ठेवायचं, तारीख दाखवायची आणि काय व्हायचं ते होऊ द्यायचं, असं ठरवून ती आली होती. तिनं बिल टेबलावर ठेवलं.

ताईनं ते हातात घेतलं. चष्मा कपाळावर चढवलेला होता, तो काही तिनं खाली घेतला नाही. आईचं अक्षर मोठं होतं, ते तिला तसंच वाचता आलं. तिचे डोळे भरले.

"आईनं बोलावलं होतं मला?" ती म्हणाली. "आणि मी लगेच आले, नाही का गं? तू फोन केलास आणि मी त्याच दिवशी निघाले."

धाकटी तारखेवर बोट ठेवणार, तेवढ्यात ताईनं बिलाच्या पाठीला गम फासलासुद्धा. बिल फोटोखाली बसलं. ताईनं त्याच्या दोन्ही बाजूंना चिकट शाईची फुलं उमटवली, त्यांवर पांढरी पावडर भुरभुरली, जास्तीची झटकली आणि गरम हवा फेकणारी हीट गन हातात घेतली. तापली की ती पावडर वितळते आणि फुलं फुगून वर येतात. जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. पावडर आधी ओलसर झाली, मग बुडबुडे येऊन साय धरल्यासारखी चकाकली. धाकटीनं खुर्ची मागे सरकवली.

आणि मग तिला बिलाचा कोपरा दिसला. राखाडी होत चाललेला.

मेडिकलवाल्याचं बिल शाईनं छापलेलं नसतं. कागदच तसा असतो, उष्णता लागली की काळा पडतो. लॅबच्या मशीनमधून निघणारी पट्टीही त्याच कागदाची. तापलेल्या भट्टीजवळ ती ठेवू नका, हे नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगायचं काम धाकटीचंच. तिनं तोंड उघडलं. काळेपणा तारखेपर्यंत आला होता. तिनं तोंड मिटलं. जाऊ दे, तारीख जाऊ दे.

तारीख गेली. पण ताईचा हात थांबला नाही. काळं खाली उतरत गेलं आणि बघता बघता 'मोठीला'वर चढलं.

"थांब!" धाकटी ओरडली.

उशीर झाला होता. काळ्या पट्टीत निळं अक्षर कुठं बुडालं ते दिसेना. ताई हातात गन घेऊन तशीच बसली.

"आईचं अक्षर गेलं गं," ती रडत म्हणाली. "तू तर रोज असले कागद हाताळतेस. तुला माहीत नव्हतं?"

"नाही," धाकटी म्हणाली.

म्हणाली आणि तिला स्वतःची इतकी घाण वाटली, जितकी आयुष्यात कुठल्या नमुन्याची वाटली नव्हती. गेलं वर्षभर ताईच्या नावानं आपण नाक मुरडत होतो, ती दुर्गंधी आपल्याच अंगाची होती. तिनं हात मांडीवर पुसले. चमकी तळव्यांना चिकटून राहिली.

ताईनं डोळे पुसले. डब्यात चाचपडून पांढरं पेन काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"तूच लिही. तुझं अक्षर अगदी आईचं आहे. तेच शब्द लिही, त्या काळ्यावर. आणि खाली तारीख टाक, मी आले त्या दिवसाची. आईनं बोलावलं आणि मी आले, एवढं तरी राहू दे पानावर."

धाकटीनं पेन घेतलं. मोठीला बोलाव. अक्षर आपोआप आईसारखं उतरलं. मग तिनं खाली तारीख घातली आणि पान ताईकडे सरकवलं. ताईनं पान लांब धरून पाहिलं.

"हे काय, चार? वेडे, मी पंचवीसला आले होते."

"हो," धाकटी म्हणाली. "तू पंचवीसला आलीस. आईनं चारला लिहिलं होतं."

ताईनं कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पान जवळ ओढलं आणि तो आकडा वाचायला लागली.