कातडीच्या रंगाचा हातमोजा

आमच्या गावातल्या लोकांना देवाने कान दिलेत ते टोपी अडकवायला, असं माझं स्पष्ट मत झालंय. महिनाभर मी लायमन व्हिटकॉमच्या दुकानात खेटे घातले. लायमन गुरांचं खाद्य विकतो आणि आमच्या बेसबॉल क्लबचा अध्यक्ष आहे. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, तेव्हाही त्याच्या डोक्यात काही शिरत नसे.

यंदा चार जुलैला क्लबने जुन्या खेळाडूंचा सत्कार ठरवला. जुन्यांतले जिवंत उरलेत एकटे माझे बाबा, ऑरिन टटल. त्यांच्या नावाची पितळी पाटी मैदानाच्या भिंतीवर लावायची आणि तिच्यावर कोरायचं, 'उघड्या हातांनी बॉल झेलणारा वीर.'

"अरे, पण ते उघड्या हातांनी खेळतच नव्हते!" मी म्हटलं.

"हेस्टर, फोटो आहे आपल्याकडे," लायमन म्हणाला आणि त्याने तो माझ्या नाकासमोर धरला. बॅटवाल्याच्या मागे बाबा वाकलेले, दोन्ही हात पुढे. हात उघडेच दिसत होते. दिसणारच! त्याचसाठी तर सगळा खटाटोप होता.

बाबांच्या तरुणपणी बॅटवाल्यामागे बॉल झेलणाऱ्या कॅचरने हातमोजा घालणं म्हणजे बायकांचा झगा घालून मैदानात उतरणं. समोरून पिचरने फेकलेला बॉल सणसणत यायचा आणि बॅटवाला चुकला की तो नुसत्या तळव्यांवर घ्यायचा. बोट निखळलं? ओढून बसवा, थुंकी-माती लावा, चला पुढे. म्हातारपणी त्या सगळ्या कॅचरांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी व्हायची. बाबा पडले सुतार. बोटं गेली की पोट गेलं. म्हणून त्यांनी खोगीर शिवणाऱ्याकडून एक मोजा करून घेतला, तोही अगदी कातडीच्या रंगाचा, लांबून कुणाला कळू नये म्हणून.

एका सामन्यात तो निसटून पडला आणि बिंग फुटलं. लोकांनी काय काय ऐकवलं, ते मी तोंडाने सांगणार नाही; 'भित्रा' हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. बाबांनी मात्र पुढच्या सामन्याला रंगाचं सोंगही सोडलं आणि चांगला काळाकुट्ट मोजा घालून उतरले. मग हळूहळू दुसऱ्या गावांचे कॅचर अंधार पडल्यावर आमच्या दारात यायला लागले, तो मोजा कुठे शिवला ते विचारायला. बाबांना आयुष्यात अभिमान आहे तो एवढ्याच गोष्टीचा. आणि यांनी नेमकी तीच पुसून टाकली.

"लोकांना शूर माणूस हवा असतो," लायमनने मला समजावलं. "मोजा काय, कुणीही घालतं."

"आज घालतं, मठ्ठ्या! तेव्हा घालायला छाती लागायची!"

"पाटी कोरून झालीये, हेस्टर."

पालथ्या घड्यावर पाणी. घरी येऊन मी भांडी आपटली. बाबा म्हणाले, "मला बोलायला देतील ना तिथे? मीच सांगेन."

दिलं बोलायला. सगळं गाव जमलं होतं, बँड वाजून थांबला होता. बाबांनी दोन्ही हात वर केले. "बघा. एकही बोट वाकडं नाही. कारण मी मोजा घालत होतो. पाटीवर लिहायचं तर तेच लिहा."

मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे! तेवढ्यात लायमनने बाबांचं मनगट पकडून आणखी उंच धरलं. "बघितलंत? इतकी वर्षं उघडे हात, आणि बोटाला ओरखडा नाही! आणि वर विनय बघा, श्रेय मोज्याला देतात!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. बायका डोळे पुसायला लागल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि एवढ्यावर थांबतील तर ते आमचे गाववाले कसले! आमच्या संघाचा हल्लीचा कॅचर रॉस्को ड्यूईट घड्याळं दुरुस्त करतो. त्याने आपला मोजा गवतावर फेकला आणि ओरडला, "ऑरिनकाकांच्या मानासाठी आजचा पहिला डाव मीही उघड्या हातांनी!"

लोक वेडे झाले. टोप्या उडाल्या. आमचा पिचर दगडासारखा बॉल फेकतो, हे त्यांच्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

बाबा खुर्चीतून उठले. काठी टेकत गेले, मोजा उचलला आणि थेट होम प्लेटवर, बॅटवाल्याच्याच जागी, जाऊन उभे राहिले.

"घाल," त्यांनी रॉस्कोला सांगितलं.

"अहो काका, तुमचाच मान—"

"माझ्या मानापायी तुझी बोटं नकोत मला. उद्या घड्याळाचे स्क्रू काय दातांनी पिळणारेस? घाल म्हणतो ना!"

लायमन धावला. "ऑरिनकाका, चला, ऊन लागलंय तुम्हाला."

"ऊन तुला लागलंय, गाढवा! हा मोजा घालेपर्यंत मी हलत नाही. फेका बॉल माझ्यावर!"

आधी हशा झाला. मग लोक कंटाळले, मग चिडले. "हटा म्हातारबा!" "खेळू द्या की!" मागून कुणीतरी भसाड्या आवाजात ओरडलं, "भित्रा!" आणि बाकीच्यांनीही तोच सूर धरला. जे मघाशी डोळे पुसत होते, तेच आता शिट्ट्या मारत होते. मी उठून त्यांना काय काय म्हणाले, ते पाद्रीबाबांनी ऐकलं नसेल अशी आशा आहे.

रॉस्कोने एकदा लोकांकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. मान खाली घालून त्याने मोजा चढवला. पहिलाच बॉल असा सणकन आला की मोज्यातसुद्धा त्याचा हात मागे गेला.

बाबा माझ्याशेजारी येऊन बसले. धापा टाकत होते, आणि गालात हसत होते.

"हेस्टर, ऐकलंस? भित्रा म्हणाले मला."

"ऐकलं. जीभ झडो मेल्यांची."

"अगं, रागावतेस काय?" बाबा म्हणाले. "आत्ता कुठे त्यांनी मला ओळखलं."