मातेच्या मूर्तीखालचा पियानो

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे आणि खरे सांगायचे तर आता पार थकलो आहे. निर्मळ गावाच्या पुढे, केळीच्या वाड्यांमधल्या एका चर्चच्या सभागृहात, स्टेजच्या कोपऱ्यात मी उभा असतो. राजोडीच्या किनाऱ्याकडून येणारा खारा वारा माझ्या तारांना गंज चढवतो. पावसाळ्यात माझ्या पट्ट्या फुगून बसतात. पण वाऱ्यापावसाचे मी मनावर घेत नाही. मला थकवले ते माणसांनी, मारून मारून.

ज्या कारागिराने मला घडवले त्याला माझा स्वभाव ठाऊक होता. माझ्या प्रत्येक पट्टीमागे लोकरीची टोपी घातलेली एक लाकडी हातोडी आहे. पट्टी खाली गेली की हातोडी उडते, तारेवर आपटते आणि मागे येते. सूर तेवढ्यात निघूनही गेलेला असतो. त्यानंतर पट्टीवर कोणी कितीही जोर काढला तरी आवाज तिळभर वाढत नाही, दाबणाऱ्याचे मनगट तेवढे दुखते. ही साधी गोष्ट इथे कोणाच्या ध्यानात आली नाही.

त्यात माझ्या डोक्यावर मातेची मूर्ती. मी गावात आलो त्या वर्षी ऑक्टोबरात, मातेच्या जपमाळेच्या, म्हणजे रोझरीच्या महिन्यात, कोणीतरी माझ्या तारांवरच्या झाकणावर क्रोशाचा रुमाल अंथरून तिथे मूर्ती ठेवली. मागोमाग फुलदाण्या आल्या, मेणबत्त्या आल्या. महिना सरला, पण मातेला खाली उतरवायचे धाडस कोण करणार? मूर्ती तिथेच राहिली आणि माझे झाकण पुन्हा उघडलेच नाही. निम्मा आवाज माझ्या पोटात अडकू लागला. मागच्या बाकांवरून तक्रारी यायच्या, पियानो ऐकूच येत नाही म्हणून.

गायनमंडळाचे प्रमुख बॅप्टिस्ट तसे मनाने सरळ, पण मोठ्या आवाजाचे भुकेले. तरुणपणी ते लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवत. वाजवणाऱ्याच्या कपाळावर घाम दिसला नाही तर त्यांना ते वाजवणेच वाटत नसे. त्यांच्या "अजून जोरात"पायी कॅथरिन टीचर वर्षानुवर्षे खांदे कानाला लावून माझ्यावर तुटून पडल्या. टाळ्या मिळाल्या, सत्कार झाला, शाल मिळाली. मग बोटे आखडत गेली. आता त्यांना भाकरीचा तुकडा मोडायलाही दुसऱ्याचा हात लागतो.

त्यांच्या जागी एलिसा आली. ती बोळिंजच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि संध्याकाळी थेट माझ्याकडे येते. नाताळच्या शेवटच्या गाण्याला तिला दोन्ही हातांनी भरघोस सूर वाजवायचे होते. तीही मला हाणू लागली. मनगटातून कळ निघू लागली तेव्हा डॉक्टरांनी बजावले की असेच चालले तर पियानो कायमचा सोडावा लागेल. हे तिने कोणाला सांगितले नाही. मनगटाला आधाराचा पट्टा बांधून, तो बाहीआड लपवून ती वाजवत राहिली. मला तिची फार काळजी वाटे, पण बोलणार कसा?

एका संध्याकाळी कॅथरिन टीचर मातेसाठी शेवंती घेऊन आल्या. दारातच त्यांनी माझा आवाज ऐकला. तो त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता; आपले काय चुकले ते त्यांना बोटे गेल्यावर उमगले होते. त्या एलिसाजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हात माझ्या हातावर टाक. सगळा भार सोडून दे."

एलिसाने हात ठेवला. टीचरनी आपला हात हळूच खालून काढून घेतला. एलिसाचा हात तसाच हवेत राहिला.

"बघितलंस? अजून तूच धरून ठेवलायस तो, बाय."

मग कित्येक संध्याकाळी दोघी एवढेच करत बसल्या. एकदाचा तो हात भिजल्या टॉवेलसारखा धप्पकन मांडीवर पडला आणि टीचर हसल्या. तेव्हा कुठे त्यांनी तिला माझ्याकडे वळवले. बोटे उंच उचलायची नाहीत, पट्ट्यांवरच टेकवायची. खांदे खाली, कोपरे सैल. पाठीपासून अख्ख्या हाताचे वजन एकदम पुढे झुकू द्यायचे. बोटे दुमडणार नाहीत इतपतच घट्ट ठेवायची आणि सूर निघाला की त्याच क्षणी सगळे सैल करायचे. एलिसा अशी झुकली आणि माझ्या तळातून घसघशीत आवाज निघाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मार बसला नाही.

तालमीला बॅप्टिस्टनी एलिसाचा शांत चेहरा पाहिला आणि ते वैतागले. म्हणाले, "हळू वाजवतेयस. जोर लाव." एलिसाचे खांदे पुन्हा वर चढले. कळ तिच्या डोळ्यांत उतरली.

कॅथरिन टीचर उठल्या. माझे झाकण उघडायला हवे, मातेला खाली उतरव, असे त्यांनी बॅप्टिस्टना सांगितले. मातेची जागा आजवर कोणी हलवली नाही आणि मीही हलवणार नाही, असे बॅप्टिस्ट म्हणाले.

"मीच उतरवली असती," टीचर म्हणाल्या आणि त्यांनी आपले वाकडे झालेले हात त्यांच्यापुढे धरले. "पण हे बघ. यांना आता मूर्ती धरवत नाही. हिचेही असेच करायचेत का?"

एलिसाने बाही वर केली. बॅप्टिस्टनी तिच्या मनगटावरचा पट्टा पाहिला. मग त्यांनी क्रूसाची खूण केली, मातेला उचलून छातीशी धरले आणि कोणीतरी माझे झाकण उघडले. एलिसा खांदे सोडून वाजवू लागली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला, बाहेर वाडीत गेला. बॅप्टिस्ट मूर्ती घेऊन तसेच उभे होते. "अजून" हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

मित्रांनो, माझ्या तारा तुटल्या तर नव्या घालता येतात, लोकर झिजली तर नवी चढवता येते. तुमच्या हातांचे तसे नाही. म्हणून विनवतो, माझ्याजवळ बसाल तेव्हा आधी खांदे खाली सोडा. मला मारू नका, माझ्यावर भार टाका. तो पेलायला मी अजून समर्थ आहे.

त्या दिवशी सगळे गेल्यावर कॅथरिन टीचर माझ्यासमोर बसल्या. बोटे वळत नव्हती, म्हणून त्यांनी मिटलेली मूठच खर्जाच्या पट्ट्यांवर ठेवली, डोळे मिटले आणि अख्खा हात सोडून दिला. मी होता नव्हता तेवढा सगळा आवाज दिला. तो विरेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"दुखलं नाही," त्या मला म्हणाल्या.