अहल्याबाईंचा होकार

जयनगरच्या त्या नेहमीच्या हॉटेलात शिवलीलानं इडलीची ताटली बाजूला सारली, बाही वर केली आणि मनगट अहल्याबाईंच्या पुढे धरलं.

"अक्का, बघा. परवाच आलं. तुमच्यामुळेच घेतलं हं. नाहीतर इतक्या नव्या माणसाकडून घड्याळ घ्यायची माझी कुठली छाती!"

निळ्या तबकडीवर बारीक अक्षरांत कारागिराचं नाव होतं, मल्हार. अहल्याबाईंचा हात कॉफीच्या पेल्यावरच राहिला.

"माझ्यामुळे? मी कधी सांगितलं तुला?"

"मला नाही, नंदकिशोर सरांना सांगितलंत ना! तुम्ही भावाकडे बेळगावला होतात, त्या रविवारच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर म्हणाले, 'वहिनींनी स्वतः जाऊन बघितलंय, त्यांचा होकार आहे. सगळं काम हातानं केलेलं आहे.' मग काय, आम्ही आठ-नऊ जणांनी लगेच सांगून टाकलं."

शिवलीला विजापूरची, बँकेत अधिकारी. आयुष्यातलं पहिलं भारी घड्याळ तिनं घेतलं होतं आणि तिचा चेहरा असा फुलला होता की अहल्याबाईंना तिथल्या तिथे काही बोलवेना. "छान दिसतंय," एवढं म्हणून त्या उठल्या.

घड्याळांचा नाद मुळात त्यांचे यजमान सूर्यकांत यांचा. ते गेले आणि नाद मागे राहिला. सूर्यकांतांचा जिवलग मित्र नंदकिशोर. त्यानं वहिनींना घरात कोंडून घेऊ दिलं नाही. जे. पी. नगरला त्याच्या घरी महिन्यातून एका रविवारी हौशी मंडळी जमत, तिथे तो त्यांना ओढून नेऊ लागला. मोठ्या कंपन्यांच्या मालात या मंडळींना रस नव्हता. एकेकट्या कारागिरानं वर्षभर खपून मोजकीच केलेली घड्याळं त्यांना हवी असत. पण असा कारागीर पारखायचा कसा? अहल्याबाईंचा जन्म धातूंच्या प्रयोगशाळेत गेलेला. त्या थेट कारखान्यात जात, घड्याळ उघडून घेत, डोळ्याला भिंग लावत. मग विचारत, यातलं इथे काय केलंत आणि बाहेरून काय आणलंत? आधी कबूल केलेली घड्याळं गिऱ्हाइकांना वेळेवर मिळाली का? उद्या तुम्हीच नसलात तर दुरुस्त कोण करणार? समोरचा उत्तर देताना अडखळतो की नाही, याकडे त्यांचं जास्त लक्ष असे. कारागिराकडची कॉफीसुद्धा त्या घेत नसत. म्हणूनच त्यांच्या शब्दावर लोक डोळे मिटून घड्याळ घेत.

मल्हारकडे त्या नंदकिशोरबरोबरच गेल्या होत्या. हा कोल्हापूरचा तरुण परदेशात काम शिकून आला होता आणि मल्लेश्वरममध्ये दोन खोल्यांत त्यानं बस्तान मांडलं होतं. त्याच्या घड्याळातल्या धातूच्या पट्ट्यांच्या कडा झकास चकाकत होत्या, पण त्यांचे आतले कोपरे गोल होते. यंत्राच्या फिरत्या हत्याराला तो कोपरा टोकदार काढता येत नाही, तिथे हातच लागतो. त्यांनी विचारायच्या आधीच मल्हार म्हणाला, "घड्याळाचं मशीन बाहेरून येतं, काकू. कडाही सध्या यंत्रावरच. हातानं करायला शिकतोय अजून."

परतताना गाडीत त्या म्हणाल्या होत्या, "मुलगा सच्चा आहे, भावजी. पण आत्ता कुणी घेऊ नये. दोनेक वर्षं थांबू या."

"बरोबर आहे, वहिनी," नंदकिशोर म्हणाला होता.

आता त्याच्या दिवाणखान्यात त्या बसल्यासुद्धा नाहीत.

"भावजी, मी होकार दिला होता?"

नंदकिशोरनं आधी हसण्यावारी नेलं. "मुलगा सच्चा आहे म्हणालात की."

"आणि पुढचं?"

"वहिनी, त्याला मागणी मिळाली नसती तर गाशा गुंडाळावा लागला असता. आणि माझं कोण ऐकतं? वजन तुमच्या शब्दाला आहे."

"तुम्हाला त्याची एवढी काळजी का?"

तो म्हणाला, "भागीदारी आहे माझी त्याच्यात."

"कधीपासून?"

"सुरुवातीपासूनच."

म्हणजे त्या भिंग लावून वाकल्या होत्या तेव्हा शेजारी बसलेला माणूस त्या कारखान्याचाच एक मालक होता.

"याआधी? याआधी माझ्या नावावर काय काय खपवलंत?"

"आता जुनं कशाला उकरायचं, वहिनी?" तो म्हणाला. त्यानं नाकारलं मात्र नाही. अहल्याबाईंना एकामागून एक घरं आठवली, जिथल्या कपाटांत त्यांच्या शब्दावर आलेली घड्याळं होती. त्यातला त्यांचा शब्द कोणता आणि याचा कोणता, हे आता कसं कळणार?

पुढच्या बैठकीच्या रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर खरं ते सांगितलं. नंदकिशोर मान खाली घालून बसला होता. मंडळी त्याच्यावर तुटून पडतील, असं त्यांना वाटलं होतं. पण एक जण म्हणाला, "मॅडम, झालं ते झालं. पण हे बाहेर बोलू नका. उद्या विकायला काढली तर आमच्या घड्याळांना कुणी विचारणार नाही."

दोघातिघांनी माना डोलावल्या. अहल्याबाईंनी शिवलीलाकडे पाहिलं.

"हॉटेलात मी दाखवलं, तेव्हाच का नाही सांगितलंत, अक्का?" शिवलीला हळू आवाजात म्हणाली. "छान दिसतंय म्हणालात. ते तरी खरं होतं का?"

अहल्याबाई चपला घालून बाहेर पडल्या. त्यांना थांबवायला दारापर्यंत कुणी आलं नाही.

मल्हारला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. भागीदारीचं काकूंना माहीत असणार, असंच तो धरून चालला होता. अहल्याबाईंकडून सगळं ऐकून तो हतबुद्ध झाला. घेणाऱ्या प्रत्येकाला त्यानं स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं आणि नको असेल त्यानं परत द्यावं, असं कळवलं. तिघांनी परत दिलं. शिवलीलानं ठेवलं, मात्र अहल्याबाईंना फोन करायचं तिनं सोडून दिलं. नंदकिशोरची रविवारची बैठक चालूच राहिली. त्याचे फोन येत, त्या उचलत नसत.

काही महिन्यांनी मल्हारनं बोलावलं. हातानं काढलेला पहिला कोपरा त्याला दाखवायचा होता. अहल्याबाई गेल्या. भिंगाखाली कोपरा सुईच्या टोकासारखा होता, फक्त एका बाजूला किंचित ओरखडा राहिला होता. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"कसं आहे, काकू?"

"कागद घे," त्या म्हणाल्या. "मी सांगते तसंच्या तसं लिही. आणि मला वाचून दाखव."

मल्हारनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग पेन शोधलं. त्या एकेक वाक्य सांगत गेल्या, ओरखड्यासकट. त्यानं ते वाचून दाखवलं, तसं त्यांनी त्याला पुन्हा एकदा वाचायला लावलं. आपल्याच शब्दांची अशी राखण करताना त्यांना लाज वाटत होती, तरी शेवटच्या शब्दापर्यंत त्यांनी कान देऊन ऐकलं.