टाचेखालची जमीन

"बघा, बघा! वॉकर फेकला, बूट फेकले, पोरगी चालली!" पायवाले बाबा माइकवर ओरडले आणि मंडप टाळ्यांनी दणाणला. "मी शिरांना हुकूम देतो, शिरा ऐकतात!" शिरांना कान कधी आले, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

सहा वर्षांची बिट्टी गालिचा अंथरलेल्या स्टेजवरून खरोखरच कुणाला न धरता चालली आणि टोकाला उभ्या चेल्याच्या हातात पडली. खाली तिच्या आईला रडू आवरेना. मुलीला सेरेब्रल पाल्सी. जन्मताना मेंदूला इजा झालेली, पोटऱ्या आखडलेल्या, टाचा कधी जमिनीला टेकत नसत. पट्ट्यांचे खास बूट आणि वॉकर यांच्या जोरावर ती घरभर फिरायची. बाबांनी आधी तेच बूट काढायला लावले होते. "ह्या बेड्या पुन्हा घालायच्या नाहीत!"

घरी मात्र बिट्टी पहिल्याच पावलाला आदळली. बाबा म्हणाले, "दोष पोरीत नाही, तुमच्या घरात आहे. धीर धरा." आईने धीर धरला. बूट माळ्यावर गेले, व्यायाम सुटला. नवरा वैतागला, "घर काय मुद्दाम पाय ओढतंय तिचे?" तिने त्यालाच गप्प केलं.

काही महिन्यांत बिट्टीला वॉकर धरूनही उभं राहवेना. मग मात्र नवऱ्याने काही ऐकलं नाही, दोघींना व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासून बाहेर पडताना आईने दारातल्या व्हीलचेअरच्या उतारावर बिट्टीला कडेवरून खाली टेकवलं, तर ती हात सोडून तुरुतुरु खाली निघाली. बापाने तिला झेललं.

"बाबांची कृपा इथंही पोचली!" आई ओरडली.

तपासताना बाबांची सगळी कथा ऐकलेल्या डॉक्टरीणबाई दारातच होत्या. "आता वळवा तिला. वर चालू दे."

बिट्टी लगेच मागे कलंडली.

"तिच्या टाचा वरच राहतात," बाई म्हणाल्या. "उतरताना टाचेखालची जमीनच उंच असते, म्हणून पाऊल पुरतं टेकतं. चढताना उलटं. त्या स्टेजला उतार आहे का, बघितलंत कधी?"

आईचा चेहरा उतरला. "आजपासून बूट घालते ना तिला."

"ते आता बसणार नाहीत. पोटऱ्या आणखी आखडल्यात. पुन्हा सुरुवात करू. पण गेलेलं सगळं परत येईल, असं खोटं नाही सांगणार मी."

आई तडक मंडपात गेली. स्टेजपुढे झालर लावलेली, त्यामुळे खालून उतार कळत नव्हता. ती वर चढली, पाण्याची बाटली आडवी ठेवून सोडून दिली. बाटली गडगडत थेट चेल्याच्या पायाशी. "स्टेज उतरतं आहे हो! म्हणून चालतात आपली मुलं!"

बाबा क्षणभर गडबडले. मग माइक उचलला. "पाहिलंत? निर्जीव बाटलीसुद्धा चालू लागली!"

मंडप पुन्हा दणाणला.

पायरीशी एक बाप मुलाच्या बुटांचे पट्टे सोडत होता. "दादा, नका काढू," आई त्याला म्हणाली. "आधी बाबांना म्हणा, याला उलट्या बाजूने चालवून दाखवा." त्याने तोंड फिरवलं आणि पट्टे सोडत राहिला.

वाचकहो, त्याला हसू नका. पोटच्या पोरासाठी माणूस काय करत नाही? पण टाळी वाजवण्याआधी पायाखालची जमीन तपासा. आणि पोराचे बूट, ज्यांनी दिले त्यांना विचारल्याशिवाय, कुणाच्याही हुकमाने काढू नका.

व्यायाम पुन्हा सुरू झालाय. दुखलं की बिट्टी रडते आणि आईचा पदर ओढते. "आई, पायवाल्या बाबांकडे ने ना. तिथं मला चालता येतं."